तोस्कानिनी, लंडन १९५२: ब्राम्सच्या चारही सिंफन्या, दोन रात्री, लाइव्ह

उत्तररात्र

२९ सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर १९५२. लंडनचा रॉयल फेस्टिव्हल हॉल, फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्रा, आणि समोर हातात काठी घेऊन उभा असलेला माणूस ८५ वर्षांचा. आर्तुरो तोस्कानिनी, इटालियन कंडक्टर. पहिल्या रात्री जर्मन संगीतकार ब्राम्सचं ट्रॅजिक ओव्हर्चर, मग पहिली आणि दुसरी सिंफनी. मधे एक दिवस सोडून दुसऱ्या रात्री हायडन व्हेरिएशन्स, मग तिसरी आणि चौथी. संपलं. या ऑर्केस्ट्राबरोबर तो आधी कधी उभा राहिला नव्हता आणि नंतरही कधी राहिला नाही. जे काय व्हायचं ते या दोन रात्रींत झालं आणि नशीब असं की ईएमआय या ब्रिटिश रेकॉर्ड कंपनीच्या लोकांनी ते टेपवर घेऊन ठेवलं होतं.

हे रेकॉर्डिंग मी गेली काही वर्षं पुन्हा पुन्हा ऐकतोय आणि यावर मराठीत कोणीतरी सविस्तर लिहायला हवं असं सारखं वाटत होतं. धागा लांबणार आहे, वेळ काढून वाचा.

आधी थोडं मागचं सांगतो. तोस्कानिनीबद्दल आपल्याकडे जे चार लोक बोलतात ते एकच बोलतात, की तो फार फास्ट वाजवायचा, कोरडा, घड्याळ लावल्यासारखा. हे मत येतं कुठून, तर एनबीसी या अमेरिकन रेडिओ कंपनीच्या रेकॉर्ड्समधून. अमेरिकेत १९३७ पासून त्याच्यासाठी खास रेडिओ ऑर्केस्ट्रा उभा केला होता आणि त्यातलं बरंचसं रेकॉर्डिंग स्टुडिओ ८-एच नावाच्या खोलीत झालं, जिथे गुंजन म्हणून काही नाहीच, सूर सोडला की तिथेच पडतो. ते ऐकून माणूस म्हणणारच की हे रुक्ष आहे. पण लंडनच्या या दोन रात्री ऐका. चेलो गातात. अक्षरशः गातात. तो स्वतः चेलोवाला होता हे लक्षात ठेवून ऐका, १८८७ साली व्हेर्दीच्या ओथेल्लोच्या पहिल्या प्रयोगाला मिलानमध्ये हा ऑर्केस्ट्रात बसून चेलो वाजवत होता. म्हणजे ब्राम्स जिवंत असतानाच हा कामाला लागलेला माणूस. चौथी सिंफनी पहिल्यांदा वाजली १८८५ मध्ये, तेव्हा हा १८ वर्षांचा.

दुसरं म्हणजे फिलहार्मोनिया. १९४५ मध्ये ईएमआयच्या वॉल्टर लेगने हा ऑर्केस्ट्रा काढला तो मुख्यतः रेकॉर्डिंगसाठीच. लंडनमधले सगळ्यात तय्यार वादक त्याने गोळा केले, हॉर्नवर तर डेनिस ब्रेन. १९५२ च्या मे महिन्यात कंडक्टर कारायानबरोबर हे लोक युरोपच्या दौऱ्यावर गेले, तिथे तोस्कानिनीपर्यंत यांची कीर्ती पोचली आणि लेगने त्याला लंडनला आणलं. म्हणजे बघा, जो ऑर्केस्ट्रा स्टुडिओत बसून नको तो टेक पुसून पुन्हा वाजवायला सरावलेला, त्याला इथे एकच संधी, आणि समोर असा माणूस ज्याच्या रागाच्या गोष्टी प्रत्येक वादकाने ऐकलेल्या. तो ताण पहिल्या रात्री ऐकू येतो. ट्रॅजिक ओव्हर्चरमध्ये सगळे जरा अंग आक्रसून वाजवतायत असं मला वाटतं. पहिल्या सिंफनीच्या सुरुवातीला टिंपनी, म्हणजे मोठा नगारा, एकाच स्वरावर ठोके देत राहते, वर व्हायोलिनं चढत जातात आणि वुडविंड्स (फ्लूट-क्लॅरिनेटसारखी फुंकवाद्यं) खाली उतरत येतात, तिथपासून मात्र गाडी रुळावर.

आता माझ्या दोन आवडत्या जागा.

एक, तिसऱ्या सिंफनीचा तिसरा भाग. सुरुवातीला चेलो ती धून सांगतात, सगळ्यांना माहीत असते ती, उदास आणि तरीही झुलणारी. पुढे ती धून परत येते तेव्हा ब्राम्स ती हॉर्नला देतो. इथे डेनिस ब्रेन. त्याने काही ‘केलेलं’ नाहीये, कुठे जास्त थांबणं नाही की फुगवणं नाही, एका श्वासाची ओळ आणि आवाज इतका एकसंध की पहिला सूर कुठे सुरू झाला ते कळत नाही. पुढे १९५७ मध्ये मोटार अपघातात गेला तो, जेमतेम ३६ वर्षांचा. त्याचे कॉन्चेर्टो वगैरे स्टुडिओतले सगळे ऐकतात पण ऑर्केस्ट्राच्या आत बसून, आपली पाळी येईपर्यंत थांबून मग जे वाजवलंय ते इथे आहे.

दोन, चौथीचा शेवटचा भाग. पासाकाल्या. आठ मापांची (तालाच्या आवर्तनांसारखी) एक ओळ, बाखच्या एका कंटाटातून सुचलेली, आणि त्यावर एकामागून एक ३० व्हेरिएशन्स (त्याच ओळीची बदलती रूपं) आणि मग कोडा, म्हणजे समारोप. बहुतेक कंडक्टर मधल्या फ्लूटच्या सोलोपाशी इतके रेंगाळतात की खालची आठ मापं विसरायला होतं. तोस्कानिनी तिथे हळू होतो, नाही असं नाही, पण खालची चाल सुटत नाही. फ्लूट एकटी पडते, दमल्यासारखी, आणि तरी आपल्याला आत कुठेतरी मोजणं चालू आहे हे जाणवत राहतं. मग ट्रॉम्बोन येतात, हळू आवाजात. पूर्ण सिंफनीभर त्यांना ब्राम्सने गप्प बसवलेलं असतं, शेवटच्या भागातच वाजवायला मिळतं त्यांना. आणि तिथून पुढे जे सुरू होतं ते शेवटपर्यंत थांबत नाही.

आणि हो, याच भागात फटाके ऐकू येतात. खरेखुरे. कोणीतरी खोडसाळपणा केला होता. धडाम करून आवाज येतो आणि ऑर्केस्ट्रा तसूभरही हलत नाही. माझं म्हणणं असं की हे फटाके रेकॉर्डिंगमध्ये राहिले हे फार चांगलं झालं. यावर मतभेद होतील म्हणूनच शेवटी लिहिलं. बोला.

---

शेवंता

वाचनखूण साठवली. मला सिंफनीतलं काहीही कळत नाही पण हॉर्नबद्दल जे लिहिलंय ते वाचून लगेच ऐकावंसं वाटलं. एक बेसिक प्रश्न विचारू का, चारही ऐकायच्या म्हणजे किती वेळ लागतो आणि कुठून सुरुवात करावी? पहिल्यापासून?

---

तबकडी

छान धागा. तांत्रिक बाजू थोडी मी सांगतो. हे सगळं मोनो आहे, स्टिरिओ नाही, त्यामुळे हेडफोनवर ऐकताना व्हायोलिनं डावीकडे आणि चेलो उजवीकडे असं काही सापडणार नाही, सगळं समोरून येतं. पण मोनो म्हणजे खराब असं डोक्यातून काढून टाका. ईएमआयने तेव्हा टेप वापरायला सुरुवात केली होती त्यामुळे सिंफनीचा एक आख्खा भाग सलग घेता आला, जुन्या ७८ च्या तबकडीवर एका बाजूला चार-साडेचार मिनिटं मावायची आणि दर तेवढ्या वेळाने थांबावं लागायचं. लाइव्ह मैफल नीट पकडायला टेप आल्यावरच खरी सुरुवात झाली असं म्हणायला हरकत नाही.

दुसरं म्हणजे हे अधिकृतपणे बाहेर यायला २००० साल उजाडलं. तोस्कानिनी करारानं आरसीए या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा, टेप ईएमआयकडे, मग ते तसंच कपाटात पडलं. मधल्या काळात चोरट्या एलपी आणि सीडी फिरत होत्या, आवाज कुठे झिरझिरीत, कुठे पिच चढलेलं. टेस्टामेंट नावाच्या ब्रिटिश कंपनीने मूळ टेपवरून तीन सीडींचा संच काढला तेव्हा लोकांना पहिल्यांदा कळलं की हे इतकं स्वच्छ आहे. ऐकायचंच असेल तर तेच ऐका, नेटवर जे कुठलं तरी पडलेलं असतं त्याने मत बनवू नका.

फटाक्यांबद्दल: ठेवलेच पाहिजेत. आजकालची सॉफ्टवेअर्स खोकला काढतात, खुर्चीचा आवाज काढतात आणि त्याबरोबर व्हायोलिनच्या तारेवरची जी हलकी घासणी असते तीही काढतात. मग उरतं ते प्लास्टिक.

---

मिरजकर

शेवंता, माझं ऐकाल तर दुसऱ्या सिंफनीपासून सुरू करा. डी मेजर, मोकळी, उन्हातली. पहिली फार गंभीर आहे, सुरुवातीलाच अंगावर येते.

उत्तररात्र, लेख आवडला. मी स्वतः हिंदुस्थानी संगीतातला माणूस, ब्राम्सकडे उशिरा आलो. पण लाइव्हचा मुद्दा आपल्या लोकांना समजावून सांगायची गरज पडू नये. कुठल्याही बुजुर्गाची तीन मिनिटांची जुनी तबकडी आणि त्याच बुवांची कोणाच्या तरी वाड्यात रात्री दोन वाजता स्पूलवर घेतलेली मैफल शेजारी ठेवा. मैफलीत तंबोरा मधेच उतरलेला असतो, कोणीतरी खोकतं, कोणी ‘क्या बात है’ म्हणतं, आणि तरी आपण संग्रहात कुठली जपून ठेवतो? इथेही तेच आहे. फरक एवढाच की यांच्याकडे श्रोता शेवटपर्यंत मूग गिळून बसतो.

---

काळी_चार

मिरजकर, तो मूग गिळून बसण्याचा रिवाज ब्राम्सच्या वेळी इतका कडक नव्हता. १८७७ मध्ये व्हिएन्नात दुसरी सिंफनी पहिल्यांदा वाजली, हान्स रिष्टर कंडक्टर, तेव्हा तिसरा भाग संपल्यावर लोकांनी टाळ्या वाजवून वन्स मोअर घेतला आणि तो भाग तिथल्या तिथे परत वाजवला. सिंफनी अजून संपायची होती! आणि १८९७ च्या मार्चमध्ये, ब्राम्स अगदी आजारी असताना, व्हिएन्नात चौथी वाजली तेव्हा प्रत्येक भागानंतर लोक टाळ्या वाजवत होते, बाल्कनीत तो उभा, डोळ्यांत पाणी. महिन्याभरात गेला.

या ऑर्केस्ट्राचं एक भारताशी असलेलं नातं इथे कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. फिलहार्मोनियाच्या सुरुवातीच्या अडचणीच्या वर्षांत ज्यांनी पैसे दिले ते म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वाडियार. त्यांना पाश्चात्त्य संगीताचं वेड होतं, रशियन संगीतकार मेट्नरच्या रेकॉर्डिंगसाठीही त्यांनीच पैसा उभा केला आणि मेट्नरने आपला तिसरा पियानो कॉन्चेर्टो त्यांना अर्पण केला. १९५० मध्ये लंडनला कंडक्टर फुर्टवेंगलर आणि गायिका फ्लागस्टाड यांनी रिचर्ड स्ट्राउसची शेवटची चार गाणी पहिल्यांदा सादर केली, ऑर्केस्ट्रा हाच, त्या कार्यक्रमामागेही महाराज होते. आणि हेच महाराज कर्नाटक संगीतात कृती रचणारे, चांगल्या ९४ कृती आहेत त्यांच्या. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे वेस्टर्न क्लासिकल म्हणजे परक्यांचं असं जे बोललं जातं, त्या लोकांना हे माहीत असावं की तोस्कानिनीसमोर बसलेला तो ऑर्केस्ट्रा टिकायला म्हैसूरच्या खजिन्यातून हातभार लागला होता.

---

उत्तररात्र

काळी_चार, हे धाग्यातच यायला हवं होतं इतकं मोलाचं लिहिलंत. मेट्नरचं माहीत होतं पण कृतींचा आकडा नव्हता माहीत.

शेवंता, चारही मिळून साधारण अडीच तास धरा. मिरजकरांचा सल्ला चांगला आहे पण मी तिसरी म्हणेन. सगळ्यात छोटी आहे आणि तिचे चारही भाग हळू आवाजात संपतात, शेवटचासुद्धा. सिंफनी म्हणजे शेवटी दणदणाट अशी जी आपली कल्पना असते ती तिथे लागूच होत नाही. शेवटचा भाग भांडतो, आपटतो, आणि मग अगदी सुरुवातीला उंच उडी मारून आलेली जी धून होती तीच आता व्हायोलिनांमधून झिरपत खाली उतरते आणि संपतं. तोस्कानिनी त्या उतरण्याला अजिबात साखर लावत नाही.

---

निशिगंध

थोडा विरोधी सूर लावते.

तोस्कानिनीचा हा ब्राम्स मला कधीच पुरेसा वाटला नाही. माझ्यासाठी ब्राम्स लाइव्ह म्हणजे फुर्टवेंगलर. २७ ऑक्टोबर १९५१, हॅम्बुर्ग, तिथल्या रेडिओचा ऑर्केस्ट्रा, पहिली सिंफनी. ब्राम्सचं जन्मगाव, लक्षात घ्या. सुरुवातीचे टिंपनीचे ठोके तिथे असे पडतात की खोलीतली हवा जड होते. आणि शेवटच्या भागात सगळं अंधारलेलं असताना हॉर्नवर ती डोंगरातली धून येते, जी ब्राम्सने कितीतरी वर्षं आधी, १८६८ मध्ये पियानोवादक मैत्रीण क्लारा शूमानला वाढदिवसाच्या पत्रात लिहून पाठवली होती, तिथे फुर्टवेंगलर काळ थांबवतो. तोस्कानिनीकडे ती धून सुंदर वाजते, पण पुढे कुठेतरी जायचंय हे मला सतत ऐकू येतं.

आणि चौथी ऐकायची तर फुर्टवेंगलरची डिसेंबर १९४३ ची, बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर, जुन्या फिलहार्मोनी हॉलमध्ये. बर्लिनवर तेव्हा ब्रिटिश विमानं रात्रीमागून रात्री बॉम्ब टाकत होती. पुढच्या महिन्यात, जानेवारी १९४४ च्या शेवटी, तो हॉलच जळून गेला. पहिल्या भागाच्या शेवटी तो जो वेग वाढवत नेतो, सुटलेल्या माणसासारखा, ते ऐकून मला पुढचा भाग लगेच लावता येत नाही. फटाके राहू देत, तिथे माणसांना खऱ्या सायरनची भीती होती.

पहिल्या सिंफनीचा नुसता शेवटचा भाग उरलाय असंही एक रेकॉर्डिंग आहे, २३ जानेवारी १९४५, बर्लिन. बाकीचे भाग हरवले. नंतर थोड्याच दिवसांत फुर्टवेंगलर स्वित्झर्लंडला निघून गेला. तो एक भाग ऐकून कोणीही मला सांगावं की ब्राम्स म्हणजे अभिजात, मोजूनमापून वगैरे.

---

तीनताल

+१ निशिगंध. ४३ ची चौथी ऐकल्यावर बाकीच्या सगळ्या शाकाहारी वाटतात.

---

बोरीबंदर

निशिगंध, तुमचं संगीतावरचं म्हणणं मान्य करतो, मलाही ते रेकॉर्डिंग आवडतं. पण ते कोणासाठी वाजत होतं हेही सांगायला हवं ना. डिसेंबर ४३ चं बर्लिन, हॉलमध्ये बसलेले लोक कोण होते? आणि इकडे तोस्कानिनी. १९३१ मध्ये बोलोन्यात फॅसिस्टांचं गाणं वाजवायला नकार दिला म्हणून थिएटरबाहेर त्याला मारहाण झाली. १९३३ मध्ये हिटलर आल्यावर बायरॉइटच्या वाग्नर महोत्सवाला जायला नकार. १९३६ च्या डिसेंबरमध्ये तेल अवीवला जाऊन, जर्मनीतून आणि इतर देशांतून हाकललेल्या ज्यू वादकांचा जो ऑर्केस्ट्रा व्हायोलिनवादक हुबरमानने उभा केला होता त्याचे पहिले कार्यक्रम त्याने केले, आणि एक पैसा घेतला नाही. तोच ऑर्केस्ट्रा पुढे आपल्या मुंबईच्या झुबिन मेहतांनी किती दशकं सांभाळला, २०१९ पर्यंत.

लंडनच्या लोकांसाठी १९५२ मध्ये तोस्कानिनी परत आला याचा अर्थ नुसता एक मोठा कंडक्टर आला असा नव्हता. लढाईआधी तो बीबीसीच्या ऑर्केस्ट्राबरोबर क्वीन्स हॉलमध्ये वाजवायचा, शेवटचं १९३९ ला. तो हॉल १९४१ च्या मेमध्ये जर्मन बॉम्बनी बेचिराख झाला. नवा फेस्टिव्हल हॉल १९५१ ला उघडला तेव्हा तोस्कानिनीच यायचा होता, आजारी पडला, आला नाही. म्हणजे १३ वर्षं वाट बघितली होती त्या श्रोत्यांनी. पहिल्या सिंफनीनंतरच्या टाळ्या ऐका, मग कळेल.

---

निशिगंध

बोरीबंदर, तुम्ही लिहिलंत ते सगळं खरं आहे आणि मी ते नाकारत नाही. फुर्टवेंगलर जर्मनीत राहिला ही त्याच्यावरची कायमची सावली आहे. त्याने संगीतकार हिंडेमिटची बाजू घेऊन १९३४ मध्ये पदांचा राजीनामा दिला होता आणि काही ज्यू वादकांना मदतही केली होती, आणि तरीही राहिला, आणि १९४६ मध्ये त्याला चौकशीला उभं राहावं लागलं, निर्दोष सुटला. मला त्याचा वकील व्हायचं नाही. पण मी ४३ ची चौथी ऐकते तेव्हा मला त्यात विजयाचा गर्व ऐकू येत नाही, धडकी ऐकू येते. ते संगीत त्या हॉलमध्ये बसलेल्या गणवेशवाल्यांना सुखावणारं नाहीये. एवढंच माझं म्हणणं.

---

उत्तररात्र

निशिगंध, हॅम्बुर्गची पहिली मीही डोक्यावर घेतो आणि त्या एका सिंफनीपुरतं तुमच्याशी वाद घालणार नाही. पण चौथीबाबत घालणार.

फुर्टवेंगलर पहिल्या भागाचा शेवट पेटवतो, कबूल. पण मग पासाकाल्या येतो तेव्हा तो प्रत्येक व्हेरिएशन वेगळं प्रकरण म्हणून मांडतो, वेग बदलत, आणि त्यात ती आठ मापांची ओळ माझ्या हातून निसटते. ब्राम्सने हा भाग असा बांधलाय की सुटका नाही. ती ओळ पुन्हा येणार, पुन्हा येणार, तुम्ही कितीही रडा, फ्लूट कितीही एकटी पडो, आठ मापं झाली की ती परत दारात. मेजरमध्ये, म्हणजे उजळ सुरांत, जाऊन जरा दिलासा मिळतो आणि लगेच मूळ ओळ ई मायनरमध्ये, म्हणजे उदास सुरांत, धाडकन परत. आणि सिंफनी मायनरमध्येच संपते, शेवटी मेजरची सूट ब्राम्स देत नाही, जी त्याने पहिलीत दिली होती. हे क्रौर्य फक्त तेव्हाच ऐकू येतं जेव्हा खालची चाल हलत नाही. तोस्कानिनीकडे ती हलत नाही, आणि त्यातही तो ताठर नाही, चालीच्या आत सूर ताणतो, सोडतो, पण चौकट शाबूत. त्याला फास्ट म्हणणाऱ्यांनी हे एकदा घड्याळ न बघता ऐकावं.

आणि फटाके बरोबर तिथे येतात. बाहेर कोणीतरी काहीतरी फोडतंय आणि ८५ वर्षांच्या माणसाचा हात थरथरत नाही, शंभरेक वादक त्याच्याबरोबर पुढे जातायत. तिथे मला ब्राम्सचा तो भाग समजतो. म्हणून म्हणतो, ते काढू नका.

---

मीनल_ठाणे

वाचतेय. फार सुंदर चर्चा. मला चौथीचा तिसरा भाग आवडतो पण कोणी त्याचं नावही घेतलं नाही. ट्रायँगल वाजतो ना त्यात? ब्राम्सच्या सिंफन्यांमध्ये तो एकदाच येतो बहुतेक.

---

काळी_चार

हो मीनल, चारही सिंफन्यांमध्ये तेवढा एकच ट्रायँगल. लंडनच्या रेकॉर्डिंगमध्ये तो स्पष्ट ऐकू येतो, खणखणीत. त्या आनंदाच्या धबडग्यानंतर लगेच पासाकाल्याचे ते पितळी वाद्यांचे स्वर येतात म्हणून तो भाग आवश्यक आहे, नुसता करमणुकीचा नाही. वेगळा काढून ऐकू नका, पुढचं चालू ठेवा.

---

वॉटर्लूकर

लंडनमधून लिहितोय. त्या हॉलबद्दल थोडं, कारण या रेकॉर्डिंगच्या आवाजात निम्मा वाटा त्याचा आहे.

फेस्टिव्हल हॉल थेम्सच्या दक्षिण काठावर, वॉटर्लू स्टेशनवरून चालत पाच मिनिटं. लढाईनंतरच्या ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’साठी बांधला. बांधणाऱ्यांनी त्या वेळच्या ध्वनिशास्त्राप्रमाणे स्पष्टपणावर भर दिला आणि हॉल निघाला कोरडा. इतका की १९६० च्या दशकात छतात मायक्रोफोन आणि स्पीकर बसवून कृत्रिम गुंजन वाढवायची सोय केली होती, गुपचूप. पुढे २००५ ते २००७ हॉल बंद ठेवून आतलं ध्वनीचं काम नव्याने केलं, आता बराच सुधारलाय.

आता १९५२ मध्ये हे काहीच नव्हतं. कोरडा हॉल, एक वर्ष जुना. म्हणजे व्हिएन्नाच्या म्युझिकफेरआइन हॉलसारखी उबदार झिलई मिळणार नाही. पण ब्राम्ससाठी हे माझ्या मते फायद्याचं ठरलं. ब्राम्सचं ऑर्केस्ट्रेशन दाट असतं, मधल्या पट्टीत व्हिओला, क्लॅरिनेट, हॉर्न सगळे एकमेकांत गुंतलेले. गुंजणाऱ्या हॉलमध्ये त्याचा लगदा होतो. इथे प्रत्येक धागा सुटा. दुसऱ्या सिंफनीच्या पहिल्या भागाच्या शेवटी हॉर्नची लांबलचक सोलो आहे (पुन्हा ब्रेन), तिच्या खाली तंतुवाद्यं जे करतात ते मला इतर रेकॉर्डिंग्जमध्ये जेमतेम ऐकू यायचं.

अजून एक. संचाच्या सुरुवातीला राष्ट्रगीत आहे, तोस्कानिनीने वाजवलेलं. ‘गॉड सेव्ह द क्वीन’, आणि क्वीन अगदी नवी, कारण राजा सहावा जॉर्ज त्याच वर्षी फेब्रुवारीत गेला होता. ते लोक पुढे ढकलतात. ढकलू नका. मिनिटभराचं आहे, त्यात हॉल कसा आहे, लोक किती आहेत, उभे राहतानाचा तो आवाज, सगळं कळतं, मग पुढचं ऐकायला कान तयार होतो.

---

तीनताल

वॉटर्लूकर, तिकिटं कशी मिळाली असतील लोकांना तेव्हा? आज असा कार्यक्रम असता तर साइट क्रॅश.

---

वॉटर्लूकर

मागणी इतकी प्रचंड होती की चिठ्ठ्या टाकायची वेळ आली असं वाचलंय. हॉलमध्ये २,९०० च्या आसपास लोक मावतात, आणि अख्ख्या लंडनला यायचं होतं.

---

शेवंता

तिसरी ऐकली. एकदा स्वयंपाक करताना आणि मग परत नीट बसून. स्वयंपाक करताना काहीच कळलं नाही, नुसता मोठा आवाज आणि लहान आवाज. नीट बसून ऐकल्यावर तो हॉर्न आला तेव्हा ओळखला! चेलोंनी आधी सांगितलेलं लक्षात होतं म्हणून. पण एक शंका आहे, सुरुवातीला तीन मोठे स्वर येतात ते मधे मधे परत येतात असं वाटलं, की तो माझा भास?

---

उत्तररात्र

भास नाही, बरोबर पकडलंत, आणि पहिल्याच खेपेला! एफ, ए फ्लॅट, एफ. ते तीन स्वर सगळ्या पहिल्या भागाचा पाया आहेत, कधी वर, कधी बेसमध्ये लपलेले. शेवटच्या भागाच्या शेवटीही ते परत येतात. एफ मेजरमध्ये ए असायला हवा, ब्राम्स तिथे ए फ्लॅट घालतो, म्हणजे पहिल्या दोन सेकंदांतच मेजर की मायनर हे भांडण सुरू, आणि ते मिटतं थेट शेवटच्या पानावर.

आता लगेच दुसरी ऐका, मिरजकरांनी सांगितलेली. तिथेही पहिलेच तीन स्वर चेलो आणि बेसमध्ये, डी, सी शार्प, डी. ते कुठे कुठे सापडतात ते सांगा.

---

मिरजकर

हे तीन स्वरांचं बीज घेऊन अख्खा भाग उभा करणं मला फार जवळचं वाटतं. तिसरी आज रात्री लावतो, हे डोक्यात ठेवून.

एक विचारायचं राहिलं. लाइव्ह म्हणून जे आजकाल विकतात, त्यात दोन-तीन रात्रींचे तुकडे जोडलेले असतात असं ऐकलंय. हेही तसंच आहे का?

---

तबकडी

मिरजकर, आजकालचं बहुतेक तसंच असतं, खरं आहे. तोच कार्यक्रम तीन रात्री करायचा, सगळ्या टेप करायच्या, शिवाय श्रोते गेल्यावर तासभर बसून चुकलेल्या जागा परत वाजवून घ्यायच्या, आणि मग त्यातून एक ‘लाइव्ह’ शिवायचं. वाईट असतं असं नाही, ग्युंटर वांडने बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत ब्रुकनरच्या सिंफन्या केल्या, त्या अशाच वेगवेगळ्या रात्रींतून केलेल्या आहेत आणि अप्रतिम आहेत. पण लंडन १९५२ मध्ये ती सोयच नव्हती कारण प्रत्येक सिंफनी एकदाच वाजली. बदली द्यायला दुसरी रात्र नाही. जे चुकलं ते चुकलेलंच राहिलं.

---

निशिगंध

हा मुद्दा मला पूर्ण पटतो, आणि हॅम्बुर्गलाही लागू आहे. उत्तररात्र, काल रात्री तुमच्या आग्रहाखातर लंडनची चौथी पुन्हा लावली, पासाकाल्यापुरती. फ्लूटच्या जागेबद्दल तुमचं म्हणणं आता मला ऐकू आलं, खालून मोजणं चालू राहतं ते. पहिल्या भागासाठी मी बर्लिन सोडणार नाही, पण शेवटचा भाग लंडनचा ऐकेन यापुढे.

---

उत्तररात्र

मग आता एक काम करा. तोस्कानिनीचीच चौथी, बीबीसीच्या ऑर्केस्ट्राबरोबर, जून १९३५, तीही लाइव्ह, तीही लंडन, पण क्वीन्स हॉलमध्ये, जो आता नाही. आवाज जुना आहे, तबकड्यांवरचा, खरखर आहे. तिथे तो ६८ वर्षांचा. दोन्ही पासाकाल्या पाठोपाठ लावा आणि फ्लूटनंतर ट्रॉम्बोन येतात त्या जागी काय फरक वाटतो ते इथे लिहा, मी माझं लगेच लिहीत नाही, तुम्हाला आधी ऐकू दे. बाकी कोणाला शक्य असेल त्यांनीही ऐका. वॉटर्लूकर, तुम्ही तर नक्की, क्वीन्स हॉलचा आवाज कसा वाटतो हे तुमच्याकडून वाचायचंय.